ठकीचा कूलर

आमच्या केनवडात कूलर बऱ्याच घरी आहेत, पण मांजरीसाठी चालणारा कूलर फक्त कौशाकाकूकडे. वैशाखात भर दुपारी जाऊन बघा. आत, कूलरच्या बरोबर तोंडासमोर, गादीवर ठकी नावाची पांढरी मांजर पोट वर करून झोपलेली. आणि काकू बाहेर निंबाखाली बाजेवर, एका हाताने पदराचा वारा घेत गवाराच्या शेंगा निवडत बसलेली.

काकू माझी शेजारीण. काका गेल्यापासून एकटीच राहते. घरामागच्या तुकड्यात भाजीपाला करते आणि बाजाराच्या दिवशी रिसोडला नेऊन विकते. मुलगा प्रवीण पुण्याला असतो. कूलर त्यानेच पाठवला.

"काकू, तुले कूलर नाई चालत तं लावते कायले?" मी एकदा विचारलं.

"पोरगा रोज फोनवर इचारते, आई, कूलर लावला का. लावल्याबिगर लावला मनून कसं सांगू? अन् लावलाच हाय तं हवा वाया कायले घालवू?"

"मंग तूच बस ना समोर."

"नाई बाप्पा. त्या हवेत बसलं की दवाखान्यात भरती केल्यासारखं वाटते."

घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राबद्दल काकूचं मत ठरलेलं आहे. फ्रिज म्हणजे शिळं खायचं लायसन. कुकर तिने माळ्यावर टाकला, कारण "बायामानसाच्या घरात शिट्ट्या मारनारं भांडं कायले पायजे?" मोबाइल ती रुमालात गुंडाळून देवळीत ठेवते. त्यावर मुलाचा चेहरा दिसतो, नातीचा दिसतो, पण काकूचं समाधान नाही. "बोलते तं पूरा मानूस, अन् दिसते नुसतं नाक!"

कुत्रा पाळ म्हणून मी सुचवून पाहिलं होतं. "कुत्रं इमानदार असते, पन लय हो ला हो करते," काकू म्हणाली. "आपल्याले खोटं पाडनारं एक तरी कोनी घरात पायजे." ते काम ठकी मन लावून करते. काकूने दुधाची वाटी ठेवली की ती आधी तोंड फिरवते.

तर ही ठकी ऐन उन्हाळ्यात एक दिवस नाहीशी झाली.

सकाळी सकाळी काकू माझ्या दारात उभी. हातात रुमालातला मोबाइल. चेहरा उतरलेला. "तुमच्या त्या गावाच्या ग्रुपावर टाकजो बाप्पा. ठकी रातीपासून नाई."

फोटो शोधला, तर काकूच्या मोबाइलमध्ये एकच सापडला. त्यात काकूची हनुवटी होती आणि कोपऱ्यात ठकीचा अर्धा कान. मग वर्णनच लिहायला घेतलं. पांढरा रंग, पाठीवर काळा डाग.

"हाक मारली की येते, असं लिहू का?"

"कोनाच्या हाकेले येत नाई थे. खानदानी हाय."

मेसेज गेला आणि चमत्कार झाला. गाव लोटलं. काकांच्या तेराव्यानंतर ज्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, त्या बायाही येऊन बसल्या. एकजण थेट रिठदहून थैलीत भलतीच मांजर घेऊन आला. काकूने तिला दूध पाजलं, त्याला चहा पाजला आणि दोघांनाही परत पाठवलं. प्रवीणचे फोन सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. नातीने तर व्हिडिओ कॉलवर रडून घेतलं. फडताळातल्या ठेवणीतल्या कपबश्या बाहेर आल्या. दूध पुरेना, तेव्हा आमच्याकडून गेलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारचा सहज डोकावलो. काकू बाजेवर नव्हती. मागच्या कुटाराच्या खोलीतून बारीक आवाज आला म्हणून तिकडे गेलो. सोयाबीनच्या भुशात ठकी आरामात पसरली होती, पोटाशी डोळे न उघडलेली पिल्लं. काकू समोर उकिडवी बसून त्यांच्याकडे बघत होती.

"अवं काकू, सापडली ना! कवा?"

"काल."

"सांगितलं काहून नाई? थांब, ग्रुपवर टाकतो." मी मोबाइल काढला.

काकूने माझा हात धरला. भाजी तोडून तोडून खरखरीत झालेला तिचा हात.

"आजच्या दिस राहू दे ना बाप्पा," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, पिल्लांकडे बघत. "खालच्या आळीतली रखमा संध्याकाळी येतो मनली हाय. मांजर सापडली मनून कळलं तं कायले येईन थे?"

मी मोबाइल खिशात ठेवला.

संध्याकाळी बायकोला घेऊन काकूकडे गेलो. रखमाबाई आलेली होती. आणखी दोघीतिघी होत्या. कूलर बायांच्या बाजूने वळवून लावला होता.

"काकू, काही पत्ता लागला का ठकीचा?" मी विचारलं.

"नाई ना बाप्पा," काकू म्हणाली. "बसा, चहा टाकतो."