मेहुण्यांच्या गाडीची गरम आंघोळ

बाळांनो, जरा डोळे मिटा बघू. छे, छे! डोळे मिटलेत तर वाचणार कसं? उघडा. मनातल्या मनात मिटा.

आता कल्पना करा. सोलापूर. एकोणीसशे शहात्तर सालचा जानेवारी महिना. सकाळचे सात. थंडी अशी, की शेजारचा कोंबडा आरवायच्या ऐवजी शिंकतोय! अंगणाच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब धुसफुसतोय. आमच्या दोन खोल्यांच्या घरापुढं एक फियाट गाडी उभी आहे, दुधावरच्या सायीच्या रंगाची. तिच्या समोरच्या काचेवर मुंग्या. दहा-वीस नव्हेत, सबंध पलटण! आणि गाडीपुढं धोतर वर खोचून, हातात बादली घेऊन एक शहाणा माणूस उभा आहे.

तो शहाणा माणूस म्हणजे मी. चौथीच्या वर्गाचा बिराजदार गुरुजी.

गाडी माझी नव्हती. सायकलसुद्धा माझी नव्हती, शाळेची होती. गाडी होती माझ्या मेहुण्यांची, सोमलिंगरावांची. ते श्रीपूरला साखर कारखान्यावर नोकरीला. धाकट्या भावासाठी अक्कलकोटची मुलगी बघायला जायचं, म्हणून आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला आले होते. येताना बहिणीसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, काकवीचा डबा आणला आणि तो टपावरच्या कॅरियरला बांधला. वाटेतल्या खड्ड्यांनी डब्याचं झाकण उघडलं. काकवी निवांतपणे समोरच्या काचेवर उतरली, तिच्यावर रस्त्याची धूळ बसली. शेवटचे चार मैल मेहुण्यांनी डोकं खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. रात्रीच्या थंडीत त्या काकवीची झाली चिक्की!

"कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पोराला बोलवा," आमच्या कमलबाई म्हणाल्या.

"गाडी धुवायला माणूस?" मी छाती फुगवली. "लहानपणी चार-चार म्हशी धुतल्यात मी! म्हैस लाथ मारते. गाडी तेवढंही करत नाही!"

"म्हशीला काच नसते," असं म्हणून ती भाकऱ्या थापायला आत गेली.

बाळांनो, शहाणपणाचं बोलणं बहुतेक वेळा पाठमोरं असतं. ते ऐकू येतं, पण त्याचं तोंड दिसत नाही.

मेहुणे नवऱ्या मुलाला घेऊन सलूनात गेले होते. ते यायच्या आत गाडी आरशासारखी करायची, असा माझा बेत. दारं धुतली. टप धुतला. कडब्याची मूठ करून म्हशीसारखी पाठही घासली! एव्हाना गल्लीतली पाच-सहा पोरं जमली. सगळी माझ्याच वर्गातली. पोरं जमली की माझ्यातला गुरुजी जागा होतो. तो झोपतो कधी, हेच आमच्या घरात कोणाला माहीत नाही.

समोरच्या काचेवर गार पाणी ओतलं. चिक्की ढिम्म! नखानं खरवडली. नख तुटलं.

"मुलांनो," मी म्हणालो, "गूळ गार पाण्यात लवकर विरघळतो की गरम?"

"गरमऽऽ!" पोरं एका सुरात ओरडली.

"शाब्बास! यालाच म्हणतात पुस्तकातलं ज्ञान व्यवहारात आणणं!" आणि मी बंबाची तोटी सोडून वाफाळती बादली भरून घेतली.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "गुरुजी, काच तडकंल की."

ती काशी. नऊ वर्षांची, दोन वेण्यांची. तिची आई शिवबाई आमच्याकडे भांडी घासायची. काशी अनवाणीच असायची आणि वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तिच्या शंका मात्र वर्ग सुटला तरी सुटायच्या नाहीत.

"का तडकेल?"

"तुमीच सांगितलंय की गुरुवारी. तापलं की फुगतं. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव फुगती, तशी काच बी फुगंल. लोखंड सोसतंय. काच कशी सोसंल? आन् हितं बघा, टवका बी गेलाय."

खरंच, काचेच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा टवका होता. रस्त्यातला खडा उडून लागला असावा.

"काशे, ती गाडीची काच आहे. जाड असते."

"जाड काच लई तडकती. ते बी तुमीच सांगितलंय."

पोरं खुसखुसली. आता मला सांगा, हातात वाफाळती बादली, अंगणात सगळा वर्ग आणि आपलाच धडा आपल्याला कोणी म्हणून दाखवतंय. गुरुजीनं करावं काय? "बरोबर आहे गं बाळ," असं म्हणायला हवं होतं. एवढे सोपे शब्द!

"मोठ्यांच्या मधे बोलू नये!" मी म्हणालो. "जा, मागल्या दारी विटकर पडलीय, ती आण. चाकं घासायची आहेत."

काशी गेली. मी बादली उचलली आणि ओतली.

ठाप्!

आवाज फार मोठा नव्हता. पण काच होती तिथं काच राहिली नाही. क्षणभर ती सगळी पांढरी झाली आणि मग खळ्ळकन् गाडीत कोसळली. सीटवर, पायांपाशी, सगळीकडे खडीसाखर! काकवी काढायला गेलो आणि साखर झाली, कारखान्याशिवाय!

पोरं चिमण्यांसारखी भुर्र झाली. अंगणात उरलो मी आणि रिकामी बादली. तेवढ्यात दोन बाजूंनी दोघी आल्या. पुढच्या दारातून कमल आली, पिठाच्या हातांनी. आणि मागल्या बोळातून आली काशी. हातात विटकर!

कमलनं गाडीकडे बघितलं. मग विटकरीकडे बघितलं.

"काशे! अगं काय केलंस हे! अण्णाची गाडी फोडलीस?"

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

बाळांनो, हे लिहिताना मी तुमच्याकडे बघत नाहीये. खाली मान घालून लिहितोय. मला वाटलं, एक क्षण थांबू, नीट शब्द जुळवू, मग सांगू. पण खोटं बोलायला तोंड लागतं असं थोडंच आहे? गप्प बसूनही ते छान जमतं.

समोरचे मायाप्पा धावत आले. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, त्यामुळे आवाज यंत्रावर मात करणारा. "म्या बगितलं की! विटकर अशी सण्णकन् गेली! माज्या कानाजवळनं गेली!"

मायाप्पांचा कान त्या वेळी त्यांच्या घरात, उशीवर होता. पण साक्षीदाराला कोण अडवणार? पाच मिनिटांत गल्ली जमली. एकीनं दोन विटकरी बघितल्या. एकानं तीन! आणखी थोडा वेळ गेला असता, तर काशीनं सबंध भिंत फेकली असती!

शिवबाई राखेच्या हातांनी बाहेर आली. तिनं काही विचारलंच नाही. काशीच्या पाठीत धपाटा घातला.

"म्या न्हाई फोडली!" काशी म्हणाली. रडली नाही.

"मग कुणी गं?"

काशीनं माझ्याकडे बघितलं. "गुरुजींना इचारा. त्यास्नी ठाव हाय."

सगळी गल्ली माझ्याकडे वळली.

"ते... म्हणजे... असं बघा..." मी म्हणालो.

"बगा! बगा कसं मन हाय!" मायाप्पा गहिवरले. "पोरीचं नाव तोंडातनं निगंना त्यांच्या! असा गुरुजी मिळायला नशीब लागतंय!"

नेमके त्याच वेळी मेहुणे आले, मागं गुळगुळीत दाढीचा नवरा मुलगा. गाडी बघून मेहुण्यांचा चेहरा पडला. पण माणूस सज्जन. ते काशीपुढं वाकले. "का मारलीस गं बाळ? कोण काय बोललं होतं का?"

काशीनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी बादलीकडे बघितलं. तिला लाजायचं काही कारण नव्हतं आणि मला होतं.

आणि मग शिवबाई पुढं आली आणि माझ्या पायांशी वाकली. "गुरुजी, पदरात घ्या. उद्यापासनं म्या कामाला येत न्हाई. तोंड दावायला जागा ठेवली न्हाई कार्टीनं. पर तिला साळंतनं काडू नगासा."

मी विंचू चावल्यासारखा दोन पावलं मागं सरलो. "शिवबाई, उठा! काच मी फोडली! उकळतं पाणी ओतलं मी काचेवर!"

मला वाटलं, सुटलो.

कमलनं पदरानं डोळे पुसले. "अण्णा," ती मेहुण्यांना म्हणाली, "अठरा वर्षं संसार केला, पण हा माणूस मला कळलाच नव्हता!"

"दाजी," मेहुणे म्हणाले, "लेकराचा दोष कशाला अंगावर घेता? पाण्यानं कुठं गाडीची काच फुटते होय?"

"फुटते! प्रसरण पावते!"

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो! वर्गात!"

"पोरीसाटनं शास्त्र बी बदलाय निगाले गुरुजी!" मायाप्पांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. कोणीतरी मागून म्हणालं, "देवमाणूस!"

मी शपथ घेतली, तर माझा मोठेपणा वाढला. रिकामी बादली दाखवली, तर आणखी वाढला. बाळांनो, लबाडाला खरं बोलायला उशीर झाला, की लोक त्याला साधू ठरवतात. यापेक्षा त्या पोरीला बसलेला धपाटा मला मिळाला असता तर बरं वाटलं असतं! शिवबाई तशीच उभी होती, मान खाली घालून. आणि काशीवर कोणाचाच विश्वास नव्हता.

काशीनं विटकर खाली ठेवली. बंबाजवळ गेली, तोटी सोडून मोठा तांब्या भरला. वाफ निघत होती. तो दोन्ही हातांनी फडक्यात धरून ती गाडीच्या मागं गेली आणि मागच्या बंपरवर चढली.

"ही काच हाय की अजून," ती म्हणाली. "बगा आता."

मेहुणे जागच्या जागी उडाले! "थांब! पोरी, थांब! पटलं!"

"काय पटलं?"

"काच दाजींनीच फोडली!"

तांब्या तिरपाच होता. "मायाप्पाकाका, तुमी विटकर बगितली न्हवं?"

"म्या?" मायाप्पा एक पाऊल मागं सरले. "धुकं हुतं गं. कावळा असंल."

"बाई?"

कमलनं माझ्याकडे असं बघितलं, की थंडीत मला घाम फुटला. "पटलं! मला आधीच वाटलं होतं!"

"आई?"

शिवबाईचा धपाट्याचा हात पदराखाली गेला होता. "पटलं गं बाय," ती हळूच म्हणाली.

"गुरुजी?"

सगळी गल्ली बघत होती. "काशी," मी म्हणालो, "तू सांगत होतीस ते खरं होतं. मी ऐकलं नाही. आणि नंतर, बोलायचं होतं तेव्हा बोललो नाही. चुकलो मी."

उदाहरणाचं उत्तर पुस्तकाच्या मागं ताडून बघावं, तसं तिनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग "हां," म्हणाली आणि बंपरवरून खाली उतरली. तांब्यात गार पाण्याचं विसण घातलं, बोट बुडवून बघितलं आणि ते पाणी आपल्याच पायांवर ओतलं. आधी एका, मग दुसऱ्या.

"लई गारठल्यात," ती म्हणाली, आणि दुसरा तांब्या भरायला बंबाकडे गेली. ते आमच्या आंघोळीचं पाणी आहे, हे तिला सांगायची त्या अंगणात कोणाची छाती झाली नाही.