मीठ, कोळसा आणि कॉम्प्युटर

गंगाखेडच्या सूर्यभान सरांनी मांडवाचा बांबू अंगणाच्या त्याच कोपऱ्यात रोवायचा हट्ट धरला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

टायपिंग क्लासला पोरं येईनाशी झाली, म्हणून त्यांनी औरंगाबादेहून जुना कॉम्प्युटर आणला होता. साल ब्याण्णव. असलं यंत्र गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. उद्या उद्घाटन. हेडमास्तर आबासाहेब बटण दाबणार आणि यंत्र पसंत पडलं तर दहावीची अख्खी बॅच धाडणार. नाही पडलं तर या वयात काय करायचं, याचा विचार सर मुद्दामच टाळत होते.

पहारीनं खड्डा खणताना ढेकळांबरोबर पांढरं काहीतरी वर आलं. खडेमीठ! त्याखाली कोळसा. त्याखाली तारेनं गच्च बांधलेली तांब्याची पट्टी.

सरांनी पहार टाकून दिली. करणी! क्लासवर डोळा ठेवून कुणीतरी पुरलेली! (असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, हे ते शाळेत दरवर्षी भाषणात सांगत.)

बायको घाबरेल म्हणून (खरं तर आपण किती घाबरलोय हे तिला कळेल म्हणून) ते काही बोलले नाहीत. पकडीनं तार कापली, सगळं पोत्यात भरलं, खड्ड्यात घाईघाईनं बांबू रोवला आणि पोतं भर दुपारी गोदावरीच्या डोहात नेऊन टाकलं. काठावर धुरपताबाई म्हैस धूत होती.

"काय टाकायलाव, सर?"

असलं टाकल्यावर बोलायचं नसतं, मागं वळून बघायचं नसतं. सर तोंड मिटून तरातरा घरी आले आणि डोक्यावरून अंघोळ करून कॉम्प्युटरपुढं बसले.

यंत्र सुरू केलं, तर पडदा थरथरायला लागला. पेटीला हात लावला, तर बोटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या!

"अगं आई गं!"

त्यांची बायको कमलबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय झालं वो?"

"लांब राहा! हात लावू नको! पछाडलंय ह्येला!"

उद्या आबासाहेब बटणावर बोट ठेवणार आणि सतरंजीवर आडवे पडणार, हे सरांना आत्ताच दिसत होतं. त्यांनी यंत्राला काळा दोरा बांधला, वर लिंबू ठेवलं, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा हात लावला. पुन्हा झिणझिण्या.

"आवो, दुकानदारानं काय सांगितलं व्हतं?" कमलबाई म्हणाल्या. "झिणझिण्या आल्या तर आधी अर्थिंग बघा म्हून. अन् तुमी लिंबू ठेवायलाव!"

सरांनी बल्बच्या होल्डरची एक तार फेजमध्ये आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब पेटेना, म्हणजे अर्थिंगच तुटलेलं. मग मेन स्विच बंद करून ते अर्थिंगची तार हुडकत निघाले. तार भिंतीवरून खिडकीबाहेर गेली, अंगणाच्या कडेकडेनं कोपऱ्यापर्यंत गेली आणि मांडवाच्या बांबूपाशी संपली. टोक ताजं कापलेलं होतं.

"इथली पट्टी कुठंय?" कमलबाईंनी विचारलं. "तुमी औरंगाबादला गेल्ता तवा वायरमननं इथंच गाडली की. मीठ अन् कोळसा मीच आणून दिला. रोज घागरभर पाणी ओतते मी त्यात!"

सर उगाच बांबू हलवून बघायला लागले.

"मी काय इचारायले? कुठंय?"

"गोदावरीत."

कमलबाई आधी कपाळाला हात लावून खाली बसल्या, मग पदर तोंडात धरून हसत सुटल्या. सरांना मात्र रडूच यायचं बाकी होतं. संध्याकाळपर्यंत वायरमन आला, नवी पट्टी, नवं मीठ, नवा कोळसा पडला आणि बल्ब लख्ख पेटला. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी बटण दाबलं, पडद्यावर त्यांचं नाव उमटलं आणि ते खूश होऊन बॅचचा शब्द देऊन गेले.

सोमवारपासून क्लास होता. सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी दारात आवाज आला, म्हणून सर सदऱ्याची बटणं लावत धावले. दारात धुरपताबाई होती, आणि तिची म्हैस.

"सर, तुमी डोहात पोतं टाकलं तवापासनं साऱ्या गावात बोभाटा झालाय तुमचा. तुमाला लय जबर इद्या येती म्हनं. पोरांच्या आया भितेत धाडायला. पर माजी म्हैस दूध देईना बगा, तेवढा उतारा करा."

"अहो बाई, इथं कॉम्प्युटर शिकवतात!"

"शिकवा की! म्हशीनं दूध दिलं तर नातवाला धाडते."

सरांनी एकदा रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं, एकदा म्हशीकडं. मग हळूच बाही सारून पुढं झाले.

आतून कमलबाईंचा आवाज आला, "आवो, हात लावायच्या आधी तिचं अर्थिंग बघा!"