खंडेनवमीचा स्विच

वडनेर भोलजीच्या त्या पतसंस्थेत एसी एकच, आणि तोही सर्व्हरच्या खोलीत. तिथे 'नेटवर्क प्रमुख' होऊन बसायचं, हे हेडक्लार्क माणिकरावांचं स्वप्न. बुलढाण्याहून प्रशिक्षण घेऊन आल्यापासून ते प्रमुखाच्याच तोऱ्यात वावरत होते. आज खंडेनवमी. चेअरमन उकंडराव यंत्रांच्या पूजेला येणार होते आणि नेमणूकही करणार होते.

"सर्व्हर म्हंजे कोठार," माणिकराव कॅशियर अर्पिताला शिकवत होते. "स्विच म्हंजे चौक, साऱ्या वायरी इथंच येतात. अन् आयपी अॅड्रेस म्हंजे ज्याच्या त्याच्या घराचा नंबर. समजलं?"

"हाव. पन भाऊ, ह्या वायरीचं घर कोनतं?"

स्विचमधून निघालेली एक वायर भिंतीवर लोंबत होती. तिच्या टोकाचा प्रिंटर कधीच भंगारात गेला होता.

"पूजेच्या दिवशी असं लोंबतं बरं दिसते काय?" म्हणत माणिकरावांनी ते टोक त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचून टाकलं. इतक्यात उकंडराव आले. स्विचला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला. स्विचचे सगळे दिवे एकदम लकलकू लागले.

"पाहा साहेब, पूजा पावली!" माणिकराव म्हणाले. "आता उद्यापर्यंत याले कोनी हात लावाचा नाही." पूजलेलं हत्यार हलवायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उकंडरावांनी मान डोलावली.

दोनच मिनिटांत अर्पिता काउंटरवरून ओरडली, "भाऊ, सारे कॉम्प्युटर अडकले!"

"मले यस्टी गाठाची हाय," खिडकीतून खातेदार रुखमाबाई कडाडल्या. "आजच तुमचं यंत्र काऊन झोपलं?"

माणिकरावांनी सर्व्हर पाहिला, ठणठणीत होता. सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू केले. ढिम्म.

"अडलं कुठी, माणिकराव?" उकंडरावांनी विचारलं.

"सोपं हाय, साहेब." माणिकराव वायरीला हात न लावता हवेतच बोट फिरवू लागले. "निरोप वायरीतून चौकात येते, चौकातून पुढं जाते. आता ही वायर पाहा. इथून निघाली, अशी खाली आली, अशी वर गेली, अन्..."

बोट पुन्हा स्विचवरच आलं. चौकातून सुटलेला निरोप घाण्याच्या बैलासारखा फिरून चौकातच येत होता आणि बाकीच्यांची वाट अडवत होता. पराक्रम कोणाचा, हे वेगळं सांगायला नको.

"टेक्निकल हाय, साहेब. तुम्ही तवर चहा घ्या."

खोली रिकामी होताच माणिकरावांनी दार लोटलं, कान पकडले, "माय भवानी, माफ कर" म्हटलं आणि टोक उपटून हाराखाली दडवलं.

"चालू झालं!" बाहेर गलका झाला.

उकंडराव कप घेऊनच धावत आले. हार जागच्या जागी होता. "तुम्ही हात तं नाही लावला न?"

"छे, साहेब! पूजेले हात कसा लावीन?"

"मंग तुम्हीच म्हनलं तसं, पूजा पावली!" उकंडरावांनी भक्तिभावाने हात जोडले. "आता प्रमुख कायले नेमाचा? बंद पडलं का एक नारळ फोडू."

एसीचा गार वारा पाठीवर घेत माणिकराव आपल्या जुन्या टेबलाकडे निघाले.

"भाऊ," अर्पिता गालातल्या गालात हसत म्हणाली, "दोन-चार नारळ आनूनच ठेवा."