हुक्सान बेटावर पाकटाची पेटी उतरली त्याची हकीकत

दर्याचा राजा जो नागदेव, ज्याच्या मर्जीविना जाळ्यात कोळंबीही येत नाही, त्यास नमन करोन ही हकीकत लिहिली असे. थोर थोर मोहिमा जाहाल्या, त्यांच्या तवारिखा लिहिणारे लिहून गेले. परंतु सोल शहरचे राजमान्य प्यो ग्युतेक, विमा कचेरीतील हिशेबनीस, यांनी लग्नाकरिता दक्षिणेच्या दर्यातील हुक्सान बेटावर स्वारी केली आणि पाकट नामक मासळीशी जे युद्ध मांडिले, ते कोणी लिहिले नाही. सबब जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे मीठ फार घातले नाही.

मोहिमेचे कारण ऐसे की, ग्युतेक यांचे मन त्याच कचेरीतील म्यंग सोरा यांजवर जडले, आणि सोरा बाईंचेही मन रुजू जाहाले, आणि उभयतांनी लग्नाचा मनसुबा केला. परंतु सोरांचे तीर्थरूप म्यंग देबोक, हुक्सानच्या दर्यात पाकटाची होडी चालविणारे मातबर तांडेल, स्वभावे करारी. त्यांचा हुकूम आला: "पोराला घेऊन ये. माझ्या हातचं पाकट खाऊ दे, मग बघू." याआधी थोरल्या कन्येकरिता एक डॉक्टर आला होता, त्याने पाकटाचा घास हळूच रुमालात लपविला, आणि तो आल्या पावली परत रवाना जाहाला, ही कीर्ती बेटभर होती. सोरांनी इतकेच बजाविले: "तोंड वाकडं करू नकोस रे, बाकीचं मी सांभाळते." ग्युतेक यांनी मान डोलाविली, कारण सोरांवाचून जगणे त्यांस मंजूर नव्हते.

मग खलबत बसले. मसलतीस कचेरीतील वडीलधारे मा ह्यंगगु आले. हे जन्माने सोलचे, दक्षिणेत दोनदा गेलेले, तेही बसमधून. परंतु दक्षिणेकडील खाण्यात आपणाहून जाणता कोणी नाही ऐसी स्वतःची ख्याती त्यांनी स्वतःच केली होती. उथळ पाण्याला खळखळाट फार, ते येथे प्रत्यक्ष पाहावे. त्यांनी फर्माविले: "हुक्सान म्हणजे पाकट, आणि पाकट म्हणजे आंबवलेलं! खाल्लं की नाकात सार्वजनिक मुतारी शिरते. रोज खा, महिनाभर. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, योंगसानपो गावची कडक मुरलेल्या पाकटाची पेटी ने. सासरा मिठीच मारेल तुला!" ग्युतेक यांनी इतबार ठेविला. जाणत्या माणसास विचारणे सोपे, घरच्या माणसास विचारणे कठीण, हा पुरुषजातीचा जुना रोग आहे.

मग सराव सुरू जाहाला. कचेरीमागील गल्लीत आंबल्या पाकटाचे एक दुकान होते, तेथे ग्युतेक पहिल्या दिवशी गेले आणि वासासरशी रणातून पळाले. दुसऱ्या दिवशी दुकानवाल्या बाईंनी त्यांस धरोन बसविले आणि म्हणाल्या, "नुसतं नाही खायचं बाळा. खाली उकडलेलं डुकराचं मांस, मध्ये पाकट, वर दोन वर्षं मुरलेली कोबीची किमची. तिन्ही एकदम तोंडात. श्वास तोंडाने घे, नाकाने सोड. आणि वरून माकगोल्लीचा घोट, ती असते कशाला?" मग तांदळाच्या त्या पांढऱ्या दारूच्या आश्रयाने त्यांनी एकेक चकती सर केली. टाळूची साले निघाली, डोळ्यांतून धारा लागल्या, कपड्यांस ऐसा दरवळ लागला की कचेरीच्या लिफ्टमध्ये ते शिरले म्हणजे बाकीची मंडळी जिन्याने जात. सोरांनी एकदा विचारिले देखील, "तुझ्या घरचं न्हाणीघर तुंबलंय का रे?" परंतु त्यांस चकित करावयाचे होते, म्हणोन ग्युतेक गप्प राहिले. आणि सांगावयास आश्चर्य, महिनाअखेरीस त्यांस ते अंमळ आवडू लागले.

मग सुमुहूर्त पाहोन स्वारी निघाली. सोरा बाई दोन दिवस आधीच घरी पोहोचल्या होत्या. ग्युतेक यांनी एकट्याने कूच केले, संगे लाल रेशमी फडक्यात बांधलेली पेटी. रेल्वेने मोकपो गाठिले, आणि तेथून बोट धरिली. बाहेरच्या समुद्रात लाटा उसळल्या, बोट सुपातल्या दाण्यांसारखी वर-खाली होऊ लागली, आणि त्या धक्क्यांनी पेटीचे झाकण किंचित सैल जाहाले. मग उतारूंची फौज चहूकडे पांगली. एक म्हातारी नाक दाबून ओरडली, "अहो कप्तान, तळाशी कोणी मेलंय का बघा!" ग्युतेक यांनी पेटीवर आपला कोट टाकिला, कोटावर आपण बसले, आणि बेट येईतो उठले नाहीत.

तांडेलांच्या दारी पोहोचल्यावर ग्युतेक यांनी पेटी अंगणात सोयाबीनच्या रांजणांमागे ठेविली, की ऐन वेळी नजराणा म्हणोन काढावी. वारा घराकडून अंगणावरून समुद्राकडे वाहत होता, सबब घरात कोणास सुगावा लागला नाही. पाट मांडिले होते. तांडेल समोर बसले, शेजारी सोरा, आणि तांडेलांच्या पत्नी ना मालरे बाई स्वयंपाकघरात रस्सा ढवळीत होत्या. ताटात पाकटाच्या गुलाबी चकत्या, त्याच पहाटे दर्यातून काढिलेल्या. शेजारी माशाचे कच्चे काळीज, मीठ आणि तिळाच्या तेलात, लोण्याहून मऊ. पलीकडे उकडलेले डुकराचे मांस, जुनी किमची आणि माकगोल्लीचा घडा. तांडेलांनी आपल्या हाते पहिली चकती पुढे केली.

ग्युतेक यांनी ईश्वराचे नाव घेतले, श्वास तोंडाने ओढिला, डोळे मिटिले आणि चावून नाकाने सोडिला. काहीच जाहाले नाही. ना झणका, ना पाणी. गोड, चिकट, थंडगार मासळी. दुसरी खाल्ली, तेच. मग त्यांच्या मनात आले की बिचाऱ्या तांडेलांचे पाकट मुरले नाही, आणि ही लाज आपण झाकिली पाहिजे. ऐसा चांगुलपणा माणसास बुडवितो. ते आदबीने म्हणाले, "बाबा, छान आहे हो. जरा मुरायचं राहिलंय इतकंच. काही हरकत नाही, मी आणलंय!" आणि अंगणातून पेटी आणोन भर पंगतीत उघडिली.

दरवळ ऐसा उठला की दारातील कुत्रा उठोन शेजाऱ्याकडे गेला. तांडेल उभे राहिले. तोंड लाल, मिशा थरथरू लागल्या. गरजले: "पहाटे तीनला उठून काढलेलं पाकट तुला कच्चं लागतं होय रे? आणि हे सडकं माझ्या उंबऱ्यात आणतोस? पाकटाच्या तांडेलाला पाकट? सडलेलं? त्या डॉक्टरने निदान रुमाल तरी स्वतःचा वापरला! उद्याची पहिली बोट धर!" सोरांनी कपाळावर हात मारिला. "अरे, एक शब्द विचारायचास ना मला! आम्ही बेटावरचे ताजंच खातो. मुरवलेलं ते योंगसानपोकडच्या नदीकाठच्या लोकांचं. जुन्या काळी होड्या नदीने वर जाईपर्यंत आंबायचं, त्यांना तीच गोडी लागली." ग्युतेक यांस महिन्याच्या सगळ्या चकत्या एकदम घशाशी आल्या. त्यांनी सोरांकडे पाहिले, आणि मोहीम बुडाली, सोरा गेल्या, ऐसे जाणोन त्यांस रडू फुटले.

इतक्यात मालरे बाई कोवळ्या जवाच्या पाल्यात शिजविलेल्या काळजाच्या रश्शाचे भांडे घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. भांडे खाली ठेविले. पेटीपाशी बसल्या, बोटांनी एक चकती उचलिली, पंगतीतील मांसावर ठेविली, वर जुनी किमची ठेविली, आणि तोंडात घातली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते वासाने आले की कशाने, हे विचारावयाची कोणाची छाती जाहाली नाही.

मग बाई बोलिल्या, आणि पस्तीस वर्षांच्या संसारात इतके त्या एका दमात कधी बोलल्या नव्हत्या. "अहो, मी योंगसानपोची, हे विसरलात ना? आमच्याकडे लग्नात हे नसलं तर लोक पानावर बसत नाहीत. माझ्या आईने माझ्या लग्नासाठी रांजणभर मुरवलं होतं. धक्क्यावर तुमच्या चुलत्यांनी नाक मुरडलं, तांडेलाच्या घरात सडकं नको म्हणाले, आणि रांजण समुद्रात ओतला. तुम्ही शेजारीच उभे होतात. माझी आई काही बोलली नाही. मीही नाही बोलले. आई गेली, माहेर मिटलं, कोणी आणून देणारं उरलं नाही. ह्या पोराने आणलं. उद्याच्या बोटीने तो जाणार असेल तर मीही जाते."

वादळात सुकाणू न सोडणारे ते तांडेल, हात गळोन खाली बसले. मग म्हणाले, "मला आठवतं ते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." आणि पेटीकडे हात नेला.

ग्युतेक पुढे सरसावले. ज्या विद्येकरिता महिनाभर नाक जाळिले, ती येथे कामास आली. त्यांनी तीन मजली घास रचिला आणि सांगितले, "बाबा, श्वास तोंडाने घ्या. थांबू नका, चावा. आता नाकाने सोडा." तांडेलांनी सोडिला. मुद्रा ऐसी जाहाली की जणू बुडता माणूस वर आला. खोकले, शिंकले, जमिनीवर मूठ आपटिली, दर्याच्या राजास दोन शिव्या हासडिल्या, आणि ग्युतेक यांनी हाती दिलेला माकगोल्लीचा वाडगा एका दमात रिता केला. घास मात्र थुंकिला नाही. मग बोलिले, "मालरे, हे तुला आवडतं?" बाई म्हणाल्या, "हो." तांडेलांनी दुसरी चकती उचलिली.

मग त्याच पानांवर तह जाहाला. सोरा आणि ग्युतेक यांचे लग्न पानगळीत करावे, पंगतीत ताजे आणि मुरलेले दोन्ही वाढावे, मा ह्यंगगु यांस आमंत्रण द्यावे परंतु मसलत विचारू नये, ऐसे ठरले. शेवटचे कलम तांडेलांनी स्वमुखे घातले: दर सणास जावयाने योंगसानपोची एक पेटी आणावी, आणि ती फडक्यात झाकून मागल्या वाटेने आणू नये, धक्क्यावर उतरोन, झाकण काढोन, भर बाजारातून आणावी, आणि कोणी नाक मुरडिले तर सांगावे की तांडेलाच्या बायकोच्या माहेरचे आहे. येणेप्रमाणे हुक्सानची मोहीम फत्ते जाहाली आणि पेटी बेटावर उतरली, हे दाखल असे.