नवव्या रकान्यातली कबुली

ज्या उपद्रवाची नोंद होत नाही तो उपद्रव झालाच नाही, असं मानण्याची पद्धत सगळ्याच सुसंस्कृत देशांत आहे. उत्तर इंग्लंडातल्या हॅदरबी नगरपालिकेत तक्रार विभागाचे अधिकारी डेस्मंड लम यांनी ती इतक्या निगुतीने राबवली, की जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी उरला नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना छळणाऱ्याला नोटीस बजावण्याचा अधिकार नगरपालिकेला आहे. तो वापरल्याचं फॉर्मवर दिसावं लागतं. (त्रास थांबला का, हा रकाना फॉर्मवर नाही. जागा पुरली नाही.) खरा मोलाचा रकाना नववा: ‘दिलगिरी व्यक्त केली काय?’ केली, म्हणजे गुन्हा कबूल.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या विनिफ्रेड ऑल्डरटन तीन आठवडे घराबाहेर पडल्या नव्हत्या. शेजारचा नेव्हिल स्टॉक त्यांच्या फाटकासमोरच्या पायवाटेवरून मोटारसायकल पिटाळायचा. एकदा ती त्यांच्या काठीला घासून गेली. मागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली बहीण त्यांची वाट बघत होती. शेवटी त्यांनी नगरपालिकेला फोन केला.

“सॉरी हं, तुम्हाला उगाच त्रास देतेय.”

डेस्मंडसाहेबांनी नववा रकाना भरला. “बोला, बाई.”

“आमच्या पायवाटेवर तो मोटारसायकलवाला... अगंबाई, सॉरी! आधी नाव सांगायला हवं, नाही का?”

साहेबांनी ‘सराईत’ या शब्दापुढे खूण केली.

मग दुसरी बाजू ऐकायला ते नेव्हिलकडे गेले.

“सॉरी? मी? कशापायी? चल, फूट इथनं!”

कबुली नाही, प्रकरण बंद. (निघताना नेव्हिलचं चाक साहेबांच्या पायावरून गेलं, तेव्हा साहेबच ‘सॉरी’ म्हणाले. ती नोंद त्यांनी मोठ्या मनाने टाळली.)

नोटीस विनिफ्रेडबाईंना गेली: सहा महिने त्या पायवाटेवर पाऊल टाकू नये. वर्षअखेर हॅदरबीत एकशे बारा नोटिसा आणि एकशे बारा कबुल्या. लंडनहून शाबासकी आली.

बहीण मार्चमध्ये गेली. अंत्यविधीला जाता यावं म्हणून बाईंनी रीतसर अर्ज केला, आणि बिचारीने त्याची सुरुवातही दिलगिरीने केली. मुदत सहा महिन्यांनी वाढली.

हे वाचून तुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली असेल, तर नगरपालिकेला खुशाल खरमरीत पत्र लिहा. फक्त शेवटी ‘तसदीबद्दल क्षमस्व’ लिहू नका. (लिहालच. डेस्मंडसाहेबांनी तुमच्या नावाचा फॉर्म काढून ठेवला आहे.)