साळिंदराच्या यंत्राचा बूट

एका जंगलात, मुलांनो, शूलपाणि काटकर नावाचे एक साळिंदर राहत होते. कुठलं जंगल ते विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथेच बंद.

काटकर कुरतड खात्यात नोकरीला होते. सकाळी जायचं, नेमून दिलेलं खोड कुरतडायचं, संध्याकाळी परत यायचं. तीस वर्षं झाली आणि खात्याने त्यांना शाल व नारळ देऊन घरी पाठवलं. शाल काट्यांत अडकून फाटली. नारळ त्यांनी खाल्ला. मग उरलेल्या आयुष्याचं काय करायचं, हा प्रश्न आला.

निवृत्त माणसाला जे सुचतं तेच साळिंदरालाही सुचतं. काटकरांनी छंद म्हणून एक सीएनसी राउटर आणला.

तो काय असतो ते सांगतो, मध्ये बोलू नका. एक टेबल असतं. त्यावर गरगर फिरणारं एक पातं असतं. आपण संगणकावर चित्र काढून द्यायचं, की पातं आपलं आपण इकडे-तिकडे सरकत ते चित्र लाकडात कोरतं. दात लावावे लागत नाहीत. ज्याने तीस वर्षं दातांनी लाकूड खाल्लं, त्याला याचं काय वाटलं असेल? काटकर पहिल्या दिवशी चक्क रडले.

यंत्र बिळाच्या पुढच्या खोलीत बसवलं. काटकरांनी एक मोर कोरला, दोन कमळं कोरली आणि एक 'सुस्वागतम्' कोरलं. आणि भुसा उडाला.

भुसा कुठे कुठे गेला हे विचारू नका, कुठे नाही गेला ते विचारा. माठात गेला, लोणच्यात गेला, उशीत गेला. काटकरांच्या पत्नी मृदुलाबाई झाडून झाडून टेकीला आल्या.

एके दिवशी जेवताना काटकर म्हणाले, "आज थालीपीठ खमंग झालंय हं. भाजणी नवीन का?"

"भाजणी बुधवारीच संपली," मृदुलाबाई म्हणाल्या. "तो तुमचा सागवान आहे. डब्यात मी नाही घातला, आपणहून गेला."

काटकरांनी आणखी एक वाढायला सांगितलं.

तुम्ही हसताय, पण मृदुलाबाईंना खोकला लागला होता. साधासुधा नव्हे. ढास लागली की त्यांचे सगळे काटे खडखडायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आठवडाभर काढा घेतला, गुण आला नाही. मंगळवारी त्यांनी गाठोडं बांधायला घेतलं.

"अहो, सोमवारी मी दादाकडे चाललेय."

"किती दिवस?"

"या घरात भुसा आहे तितके दिवस. यंत्र ठेवा, नाहीतर मला ठेवा. दोघांनाही ठेवायचं असेल तर भुशाचं काय ते बघा."

काटकर घाबरले. त्यांचं बायकोवर प्रेम होतं. यंत्रावरही होतं. जास्त कुणावर, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. फार बरं केलं.

त्यांनी रात्रंदिवस संगणकात डोकं घातलं आणि उपाय सापडला. परदेशातल्या जंगलांत म्हणे पात्याभोवती एक झाकण बसवतात. त्याला खालून ब्रशाची झालर असते, म्हणजे भुसा बाहेर पळत नाही. वरून एक नळी असते, ती भुसा ओढून नेते. दिसायला ते पायात घालायच्या वस्तूसारखं, म्हणून तिकडचे लोक त्याला 'शू' म्हणतात. काटकर मराठी शाळेतले. त्यांनी त्याला 'बूट' म्हटलं.

बूट करायला लाकूड लागलं. लाकूड कापायला यंत्र लागलं. भुसा जावा म्हणून त्या आठवड्यात जेवढा भुसा झाला, तेवढा आधी कधीच झाला नव्हता.

झालरीसाठी काटकरांनी स्वतःचे काटे लावले. चालवून पाहिलं, तर कोरलेल्या मोराच्या पोटावर ओरखडे उठले. काटे काढून टाकले. नळीसाठी एका धामणीकडून टाकलेली कात मागून आणली. ती छान लवचीक निघाली. राहता राहिला प्रश्न ओढायचा.

शेजारी ढोमसे नावाचं अस्वल राहायचं. अस्वल वारुळाला तोंड लावून वाळवी कशी सुर्रकन ओढून घेतं, ते तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता झालं.

"ढोमसे, जरा ओढाल का?" काटकर म्हणाले.

"काय ओढायचं?"

"भुसा."

"त्यात वाळवी असेल?"

"असेल थोडी. लाकूड जुनं आहे."

"मग ओढतो," ढोमसे म्हणाले. अंगावरचे चार मऊ केसही त्यांनी झालरीसाठी काढून दिले. असा शेजार मिळायला नशीब लागतं.

शुक्रवारी पहिली चाचणी झाली. ढोमसे खिडकीबाहेर बसले, कातीचं टोक तोंडात धरलं आणि ओढायला लागले. अर्धा तास एक कणही उडाला नाही. मग ढोमसेंना शिंक आली.

अर्ध्या तासाचा भुसा एका क्षणात परत आला. मृदुलाबाई नेमक्या समोर उभ्या होत्या. त्यांनी गाठोड्यात आणखी एक लुगडं घातलं.

शनिवार-रविवार काटकर जेवले नाहीत. शेवटी त्यांनी कातीच्या मध्ये एक मोठा पोकळ भोपळा बसवला. भुसा भोपळ्यात शिरायचा, गरगर फिरायचा आणि तळाशी बसायचा. पुढे ढोमसेंकडे जायचा तो निव्वळ वारा. वाळवीही भोपळ्यातच राहते अशी ढोमसेंनी तक्रार केली, तेव्हा काम झाल्यावर भोपळा त्यांना चाटायला द्यायचं ठरलं.

सोमवार उजाडला. गाठोडं दाराशी आलं. काटकरांनी यंत्र सुरू केलं. पातं फिरलं, कमळ कोरलं गेलं, ढोमसेंनी ओढलं आणि ते शिंकलेही नाहीत. मृदुलाबाईंनी फळीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. माठात डोकावलं. पाणी स्वच्छ. खोल श्वास घेतला. खोकला आला नाही.

त्यांचे डोळे भरून आले. "केलंत हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी एवढं केलंत. याला म्हणतात काय?"

"बूट," काटकर अभिमानाने म्हणाले.

मृदुलाबाईंचा चेहरा बदलला.

"बूट? आणि बूट घालून हे यंत्र माझ्या घरात उभं आहे? समोर देव आहेत, दिसतात का?"

"अगं, तो तसला बूट नाही. तो कधी बाहेर गेलेला नाही. त्याला तळवासुद्धा नाही."

"मागे वाघ आले होते चहाला, त्यांनी आपले बूट बाहेर काढले. प्रत्यक्ष वाघांनी. आणि तुमचं यंत्र कोण लागून गेलं? काढा म्हणते ना."

काटकरांनी बूट काढला. भुसा उडाला. मृदुलाबाईंना ढास लागली. काटकरांनी बूट घातला. भुसा थांबला. मृदुलाबाईंनी देवांकडे बघून गाठोडं उचललं. काटकरांनी बूट काढला. असं अकरा वेळा झालं, मी मोजलंय.

बूट असला की यंत्र घरात चालत नव्हतं. बूट नसला की बाई घरात राहत नव्हत्या. यंत्र अंगणात ठेवावं, तर संगणकाला ऊन सोसत नव्हतं. काटकर खिडकीत जाऊन ढोमसेंच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागले. ढोमसेंना काटे टोचले, पण ते हलले नाहीत.

थोड्या वेळाने ढोमसे म्हणाले, "मोजा म्हणा की."

"काय मोजू?"

"मोजू नका हो. बूट म्हणू नका, मोजा म्हणा. मोजा घरात चालतो."

काटकर आत धावले. मृदुलाबाई एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून उभ्या होत्या.

"अगं ऐक, माझं चुकलं. तो बूट नाहीच. मोजा आहे मोजा."

मृदुलाबाईंनी पाय आत घेतला. "मग असं आधी नाही का सांगायचं? मोज्याला कोण काय म्हणतंय." त्यांनी गाठोडं सोडलं, लुगडी घडी करून ठेवली आणि चहाला आधण टाकलं. काटकर इतके सुखावले की कोरलेलं कमळ त्यांनी ढोमसेंना देऊन टाकलं.

पाच दिवस सुखात गेले. शनिवारी काटकर अंघोळ करून आले, तर यंत्राला मोजा नाही.

परसात मृदुलाबाई कपडे धूत होत्या. मोजा सोड्याच्या पाण्यात उकळून झाला होता. आता त्या तो दगडावर आपटत होत्या. झालर गेली होती, जोड उकलले होते, लाकडाचे पोपडे निघत होते. उरलं ते त्यांनी पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं.

"काय मळला होता हो," त्या प्रेमाने म्हणाल्या. "आठवडाभर एकच मोजा कुणी घालतं का?"

काटकरांनी दोरीकडे पाहिलं. बायको खोकत नव्हती. बायको घरात होती. "स्वच्छ निघालाय," ते म्हणाले.

तेव्हापासून काटकरांचं यंत्र एक मोजा घालून रविवार ते शुक्रवार दुसरा मोजा कोरतं. शनिवारी घातलेला धुतला जातो. रविवारी नवा चढवून पुन्हा पुढचा करायला घ्यावा लागतो. मोर आणि कमळं कोरायला आता सवडच होत नाही. जंगलात कुणी विचारलं, "काटकर, यंत्रावर करता काय एवढं?" तर ते सांगतात, "मोजे." लोकांना वाटतं, विणकामाचं यंत्र असेल.

तात्पर्य: आपण बनवलेल्या वस्तूला कधीही नाव ठेवू नये. बूट म्हटलं तर ती बाहेर बसते, मोजा म्हटलं तर धुतली जाते. आणि तिला नावं ठेवायला घरची मंडळी समर्थ असतात.