विरक्त माणसाचा जामीन

माणसाला कोर्टातून सोडवून आणायला वकील लागत नाही, चांगला बोलणारा लागतो, असं माझं ठाम मत होतं. हे मत मंगळवारी दुपारपर्यंत टिकलं.

आणि बोलण्याचं म्हणाल तर पन्नास वर्षं मी कीर्तनं ऐकतो आहे. कुडव्यात माझं किराण्याचं लहान दुकान आहे. "काका, आधा किलो शक्कर" म्हणत आलेल्या गिऱ्हाइकाला मी एक दृष्टांत ऐकवल्याशिवाय साखर तोलत नाही. त्यामुळे दुलीचंदला फॉरेस्टवाल्यांनी पकडल्याचा फोन आला तेव्हा मी बायकोला म्हणालो, "त्याच्याही वाटणीचा भात टाक. मी दोन वाक्यं बोललो की सुटलाच."

"दोन वाक्यं?" ती म्हणाली. "तुमी?"

दुलीचंद माझा लहानपणचा सोबती. दरेकशाजवळचं आमचं गाव सोडून मी कुडव्यात आलो, तो तिथेच राहिला आणि कीर्तनकार झाला. पण गोडी दोघांना एकाच ठिकाणी लागली. आमच्या लहानपणी तलावाच्या पाळीवर कीर्तन व्हायचं. बैलांची खासरं भरभरून लोक यायचे. धानाच्या तणसीवर पोती अंथरलेली, वर सूं-सूं करणारी गॅसबत्ती, समोर काळंभोर पाणी. बुवा गायला लागले की वाटायचं, तलावातले मासेही काठाशी येऊन बसले असतील. आम्ही दोघं एका घोंगडीत. निम्म्या कीर्तनात मी झोपायचो आणि प्रसादाचे मुरमुरे वाटायच्या वेळी बरोबर जागा व्हायचो. दुलीचंद मात्र शेवटपर्यंत टक्क जागा. बाकीचे बुवांच्या तोंडाकडे बघायचे, हा मृदंगाकडे.

तोच मृदंग पुढे त्याच्याकडे आला, आणि यंदा पावसाळ्यात त्याचं खोड उभं तडकलं. नवं खोड बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचंच पाहिजे, हा याचा हट्ट. जंगलात वाऱ्याने पडलेला एक बिजा दिसला. याने त्यातला एक ओंडका कापून लुनावर बांधला आणि भजन म्हणत थेट फॉरेस्टच्या नाक्यावरून निघाला.

"काय आहे हे?" गार्डने विचारलं.

"मृदंग."

"कुठे आहे मृदंग?"

"आतमंदी आहे गा. निघाचा आहे अजून."

गार्डला हा दृष्टांत काही कळला नाही. राखीव जंगलातलं लाकूड नेलं म्हणून गुन्हा लागला.

मंगळवारी तालुक्याच्या कोर्टात गेलो तर निम्मी भजनी मंडळी आधीच येऊन बसलेली. दुलीचंदची बायको शांतीबाई शेवटच्या बाकावर, हातात पिशवी घट्ट धरून. वकील मंजू पटले मॅडम आमच्याच भागातल्या. त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"काका, नीट ऐका. उद्यापासून दिवाळीची सुट्टी. आज जामीन झाला नाही तर सगळी दिवाळी जेलात. तिकडे त्यांचा धान कापायला आलाय, घरी काकू एकट्या. यांनी ना कोणाला मारलं, ना लुटलं. दोषी आहेत की नाही ते खटल्यात ठरेल. आज साहेब एवढंच बघतील की माणूस तारखेला येईल की पळून जाईल. तुम्ही जामीनदार आहात. तुम्हाला विचारलं तर एकच सांगा, गावात मुळं रुजलेला माणूस आहे. आणि काका, कमी बोला."

मी मान हलवली. पण मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या कीर्तनकाराला नुसतं 'मुळं रुजलेला' म्हणायचं? ते तर वडाच्या झाडालाही म्हणता येतं.

न्यायाधीश साहेब तरुण होते, शांत होते. त्यांनी मला विचारलं, "आरोपीला ओळखता? माणूस कसा आहे?"

समोर साहेब, मागे भजनी मंडळी, आणि सगळे गप्प! कीर्तनाला याहून चांगली बैठक कोणती? मी घसा साफ केला.

"साहेब, दुलीचंद महाराज म्हणजे कमळाचं पान. संसारात आहेत, पण संसाराचा एक थेंब अंगाला लागू दिला नाही. घराची ओढ नाही. शेताची आस नाही. बायकापोरांचा मोह नाही."

मागून कोणीतरी "वा" म्हणालं. मंजू मॅडमच्या हातातला पेन खाली पडला.

सरकारी वकील इतका वेळ डुलकी घेत होते. ते सरसावून बसले. "म्हणजे यांना गावात बांधून ठेवणारं काहीच नाही?"

"काहीच नाही," मी अभिमानाने म्हणालो. "जिकडून बोलावणं येईल तिकडे झोळी उचलून निघाले. आज इथं, उद्या बालाघाट, परवा डोंगरगड. आमच्याकडे चार पावलं टाकली की छत्तीसगड लागतं, साहेब. सकाळी उठून महाराज कुठे जातील ते देवालाच ठाऊक."

"पोलिसांना ठाऊक असतं?"

"त्यांना कुठून असणार?"

सरकारी वकील जावई घरी आल्यासारखे हसले. "साहेब, मला वेगळं काही सांगायचंच नाही. जामीनदारानेच सगळं सांगितलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दुलीचंदकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एवढी स्तुती ऐकून तो डोळे मिटून, हात जोडून डोलत होता.

"खोटं हाये साहेब!"

शांतीबाई माझ्याकडे बोट रोखून उभी राहिली होती.

"बसा बाई," शिपाई म्हणाला.

"काऊन बसू? हा ताराभाऊ कोनाच्या गोष्टी सांगून राहिला? बैरागी म्हणे! साहेब, या मानसाले घरच्या उशीबिगर झोप नाई लागत. डोंगरगडले तीन दिवसाचं कीर्तन होतं. उशी घरी राहिली त पहिल्याच दिवशी सांजच्या गाडीनं वापस! म्हशीनं खाल्ल्याबिगर हा खात नाई. वावराच्या धुऱ्यावरच्या हातभर जागेसाठी सख्ख्या भावाशी बोलत नाई. माझं माहेर इटियाडोहकडं. लग्नाले चाळीस वर्सं झाली, तिथं एक रात मुक्काम नाई. म्हणे, तिथलं पानी जड हाये."

"शांते, गप वो," दुलीचंद कळवळून म्हणाला.

"कायले गप? हा पळून जाईन म्हनता साहेब? मी देवाले म्हनते, दोन दिस तरी कुठं जाय म्हनावं. जातच नाई!"

साहेबांनी खाली मान घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग वर पाहिलं. "दुलीचंद, तुमची पत्नी म्हणते ते खरं आहे का?"

दुलीचंदने मागे वळून मंडळींकडे पाहिलं. याच लोकांना तो वीस वर्षं सांगत आला होता की देह ही धर्मशाळा आहे, माया तोडा. वैराग्य एकीकडे, उभा धान दुसरीकडे.

"उशीची गोष्ट खरी आहे साहेब," तो हळूच म्हणाला. मग आणखी हळू, "पाण्याचीही."

जामीन झाला. साहेब म्हणाले, लाकूड डेपोत कुलपात आहे, ते काही पळत नाही, आणि हा माणूसही पळेल असं दिसत नाही. दोष सिद्ध होण्याआधीच त्याला कोंडून ठेवायचं कारण नाही. दर तारखेला यायचं, जंगलात लाकडासाठी जायचं नाही. मी जामीनदार म्हणून सही करायला पुढे सरकलो, तर साहेब म्हणाले, "राहू द्या. जातमुचलक्यावर सोडतो. यांच्या जामीनदाराची या कोर्टाला गरज नाही."

बाहेर आल्यावर शांतीबाईने पिशवी उघडली. आत घरची उशी होती. जेलात न्यावी लागली तर म्हणून आणलेली.

धान घरात आला आणि कार्तिकात पाळीवर कीर्तन लागलं. आता गॅसबत्ती नाही, एलईडी आहे. खासरांच्या जागी मोटारसायकली, मृदंग मागून आणलेला. दुलीचंदने नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "देह ही धर्मशाळा..." तोच मागून आवाज आला, "महाराज, उशी आनली का?"

सगळी पाळ हसली. दुलीचंदही हसला. मग त्याने धर्मशाळा सोडून दिली आणि घराबद्दल बोलू लागला. म्हशीबद्दल, धुऱ्याबद्दल, कोठडीतल्या त्या रात्रीबद्दल, जेव्हा देवाच्या आधी त्याला अंगण आठवलं. त्याचा भाऊ पुढच्या रांगेत बसला होता, तो पंच्याने डोळे पुसत होता. समोर तेच काळंभोर पाणी. आमच्या वेळचे बुवा असते तर त्यांनीही टाळी दिली असती. पन्नास वर्षांत प्रथमच मी शेवटपर्यंत जागा राहिलो.

पुढची तारीख पौषात आहे. दुलीचंद हजर राहणारच. परवा मंजू मॅडम दुकानात साखर घ्यायला आल्या, तेव्हा मी म्हटलं, "मीही येतो, दोन वाक्यं बोलतो."

त्यांनी साखरेची पुडी उचलली आणि म्हणाल्या, "काका, त्या दिवशी तुम्ही कुडव्याच्या बाहेर पडायचं नाही."

जामीन त्याला मिळाला, अटी मला लागल्या.